धायटीचे रोप : कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये

सिंहगड, कात्रजचा घाट, पुरंदर, मुळशी आणि भोरकडचे डोंगर माघ-फाल्गुनात उजाड होऊ लागले की त्यांच्या उतारांवर लाल दिसणारे झुडूप बहुधा धायटीचे असते. डोंगर चढणाऱ्या पुणेकराच्या ते ओळखीचे आहे, पण सोसायटीच्या आवारात किंवा बंगल्याच्या कुंपणालगत ते क्वचितच दिसते, कारण ते विकत मिळत नव्हते. गेल्या काही वर्षांत देशी झाडांची मागणी वाढली आणि निवडक रोपवाटिकांतून धायटीची रोपे मिळू लागली. आमच्या सोसायटीच्या उद्यान समितीने खडकवासल्याच्या बाजूच्या एका लहान, घरगुती रोपवाटिकेतून अशी काही रोपे घेतली. ती आता जमिनीत स्थिरावून फुलावर आलेली असल्यामुळे रोपांबद्दल, त्यांच्यासोबत आलेल्या माहितीपट्टीबद्दल आणि विक्रेत्यांच्या सल्ल्याबद्दल सविस्तर लिहिता येईल. रोपवाटिकेचे नाव मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारी आहेत, आणि नवरा-बायको मिळून चालवत असलेल्या धंद्याला त्यांचा त्रास व्हावा अशी इच्छा नाही.

निकाल आधीच सांगतो. ज्यांच्याकडे जमीन आहे, निदान सहा-सात तास ऊन आहे आणि पाण्याचा निचरा होतो, त्यांनी हे रोप निःशंकपणे घ्यावे. ज्यांच्याकडे केवळ बाल्कनी आहे त्यांनी घेऊ नये. माहितीपट्टीतील औषधी दाव्यांवर विसंबू नये. पाण्याविषयी तेथे मिळणारा सल्ला ऐकून घ्यावा, पण पाळू नये.

धायटी ही मेंदीच्या कुळातली. डाळिंब आणि आपले राज्यपुष्प ताम्हण हीही याच कुळातली, पण धायटी शेजारी ठेवली तर हे नाते सहजी पटत नाही. झुडूप साधारण एक ते तीन मीटर वाढते, बुंध्यापासूनच अनेक फांद्या फुटतात आणि त्या लांब होऊन कमानीसारख्या बाहेर झुकतात. साल तांबूस तपकिरी असते आणि तिचे पातळ पापुद्रे सुटतात. पाने समोरासमोर, भाल्याच्या आकाराची आणि जवळजवळ बिनदेठाची असतात. पान उलटून पाहिले तर खालची बाजू फिकट, राखी, किंचित मखमली लागते आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. रोपवाटिकेत फुलांशिवाय रोप ओळखायचे असेल तर हे ठिपके ही सर्वांत खात्रीची खूण आहे. आम्ही प्रत्येक रोपाचे एक पान उलटून पाहिले आणि सर्व रोपे धायटीचीच निघाली. ही बाब क्षुल्लक नाही. देशी झाडांच्या नावाखाली भलतेच काहीतरी हातात ठेवण्याचे प्रकार शहरात कमी नाहीत, आणि ओळख पटेपर्यंत दोन-तीन वर्षे निघून जातात.

फुलाबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण आपण ज्याला लाल फूल म्हणतो तो मुख्यतः निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांबाहेरचे आवरण असते. सुमारे एक ते दीड सेंटिमीटर लांबीची, किंचित वाकलेली, शेंदरी-लाल नळी, तिच्या तोंडाशी इवल्या दात्यांच्या मधोमध सहा नाजूक पाकळ्या, ज्या शोधल्याशिवाय दिसत नाहीत, आणि नळीबाहेर झुकून आलेले बारा पुंकेसर, अशी त्याची रचना असते. ही फुले पानांच्या बगलेत झुबक्यांनी येतात आणि फांदीच्या लांबीभर ओळीने लागतात. फुलोऱ्याच्या काळात बरीचशी पाने गळलेली असल्यामुळे फांदीच लाल झाल्यासारखी वाटते. बी धरल्यानंतरही ही लाल नळी गळून पडत नाही. ती बोंडाभोवती तशीच राहते आणि हळूहळू तपकिरी होते. त्यामुळे जानेवारीत सुरू झालेली शोभा एप्रिलपर्यंत पुरते. शोभेच्या इतर झुडपांसारखा फुलांचा सडा रोज झाडावा लागत नाही, याचे आमच्या सफाई कामगारांना विशेष कौतुक आहे.

आता रोपवाटिकेकडे वळतो. जागा लहान आहे, दारावर धड पाटीही नाही, आणि हिरव्या जाळीखाली ओळीने मांडलेल्या रंगीबेरंगी कुंड्यांची सवय असलेल्या ग्राहकाचा तेथे पहिल्यांदा हिरमोड होईल. धायटीची रोपे जाळीच्या बाहेर, भर उन्हात, खडीवर ठेवलेली होती. पाने थोडी निस्तेज, काहींच्या कडा करपलेल्या, उंची जेमतेम गुडघ्याएवढी. उरुळी कांचनच्या बाजूला मोठमोठ्या रोपवाटिकांतून मिळणाऱ्या टवटवीत मालाशी तुलना केली तर ही रोपे गरीब दिसतात. परंतु उन्हाला आणि वाऱ्याला सरावलेले रोप जमिनीत लावल्यावर माना टाकत नाही, आणि सावलीत खते देऊन फुगवलेले रोप पहिल्याच आठवड्यात टाकते, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला या निस्तेज पानांचे महत्त्व कळेल. रांगेच्या टोकाला एक रोप पिशवीतच फुललेले होते. समितीतील एका सदस्याने तेच उचलले, तेव्हा तेथील बाईंनी ते परत खाली ठेवायला लावले. "काका, ते नका नेऊ, ते जुनं आहे. पिशवीत अडकून बसलंय म्हणून फुललंय. हे शेजारचं घ्या, मूळ बघा याचं," असे म्हणून त्यांनी शेजारच्या रोपाच्या पिशवीची खालची कड सोडवून दाखवली. पांढरट कोवळ्या मुळ्या मातीच्या कडेपर्यंत नुकत्या आलेल्या होत्या आणि हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, हातात धरली तरी फुटत नव्हती. विक्रेत्याने ग्राहकाच्या हातातले फुललेले रोप काढून बिनफुलाचे द्यावे, हा अनुभव दुर्मीळ म्हणावा लागेल.

दुर्दैवाने हीच काळजी टेम्पोने पाठवलेल्या उरलेल्या रोपांत दिसली नाही. समक्ष निवडलेली रोपे उत्तम होती. नंतर घरपोच आलेल्या खेपेत मात्र निदान एकचतुर्थांश रोपे आदल्या वर्षीची होती. पिशवी फाडल्यावर त्यांच्या मुळ्या तळाशी गोल गोल गुंडाळलेल्या निघाल्या. अशा मुळ्या जमिनीत गेल्यावरही बऱ्याचदा तशाच गोल वाढत राहतात, झुडूप दोन वर्षे जागच्या जागी बसते आणि दोष मातीला दिला जातो. दूरध्वनी केला तेव्हा "बाहेर पाठवलेला माल बदलून मिळत नाही" असे उत्तर मिळाले. आम्ही गुंडाळलेल्या मुळ्यांचा तळाचा भाग धारदार कात्रीने कापून, बाजूने दोन-तीन उभे छेद देऊन ती रोपे लावली. त्यांतली बहुतेक जगली, पण समक्ष निवडलेल्या रोपांच्या तुलनेत ती आजही मागे आहेत. ज्यांना येथून रोपे घ्यायची असतील त्यांनी स्वतः जाऊन, प्रत्येक पिशवी तळाशी दाबून पाहून घ्यावीत. तळाशी मूळ दोरीसारखे कडक हाताला लागले तर रोप बाजूला ठेवावे.

प्रत्येक रोपाला दोऱ्याने बांधलेली एक छापील माहितीपट्टी असते. कल्पना चांगली आहे. नाव, कूळ, फुलोऱ्याचा काळ, उंची ही माहिती अचूक आहे. मात्र त्याखाली "अतिसार, रक्तस्राव, सर्व स्त्रीविकार, यकृतविकार व जखमांवर रामबाण" अशी यादी आहे आणि शेवटी "घरी अवश्य असावी" असा आग्रह आहे. धायटी औषधी आहे यात वाद नाही. आयुर्वेदात धातकी या नावाने ती फार जुन्या काळापासून आहे. चरकसंहितेतील पुरीषसंग्रहणीय (मळ बांधणारा), मूत्रविरजनीय (लघवीचा रंग सुधारणारा) आणि संधानीय (तुटलेले सांधणारा) या तिन्ही गणांत, म्हणजे औषधींच्या गटांत, तिची गणना आहे. तिची फुले तुरट, स्तंभन करणारी, म्हणजे जुलाब किंवा स्राव रोखणारी मानली जातात आणि अतिसारावरील गंगाधर चूर्णात ती पडतात. परंतु ती बेल, मोचरस, नागरमोथा, लोध्र, इंद्रजव यांच्या सोबतीने, प्रमाणात आणि वैद्याने सांगितल्यावर. अंगणातल्या झुडपाची मूठभर फुले तोडून कोणी काढा करून प्यावा आणि त्याने रक्तस्राव थांबण्याची वाट पाहावी, असे या पट्टीवरून वाटू शकते, आणि ते धोक्याचे आहे. रक्तस्राव असेल तर डॉक्टरांकडे जावे लागते. "रामबाण" हा शब्द रोपवाटिकांनी आपल्या पट्ट्यांवरून काढून टाकला तर बरेच भले होईल.

गंमत अशी की धायटीचा खरा मोठा उपयोग, ज्यात तिची बरोबरी करणारे दुसरे फूल नाही, तो या पट्टीवर लिहिलेलाच नाही. तो म्हणजे आसवे आणि अरिष्टे या आंबवून केलेल्या औषधांचे संधान, म्हणजे आंबवण्याची क्रिया. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, अर्जुनारिष्ट, कुमार्यासव या बाटल्या पुण्यातील असंख्य घरांत असतात, पण त्यांतल्या घटकांची यादी वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. ती वाचली तर धायटीची फुले आढळतात. अरिष्टात वनस्पतींचा काढा आणि आसवात स्वरस (ताज्या वनस्पतीचा पिळलेला रस) किंवा नुसते पाणी घेऊन त्यात गूळ, साखर किंवा मध मिसळतात, सुगंधी द्रव्यांची भरड घालतात, धायटीची वाळलेली फुले टाकतात आणि भांड्याचे तोंड बंद करून ते साधारण महिनाभर उबदार जागी ठेवतात. फुलांवर आणि त्यांच्या मधुरसात नैसर्गिक यीस्ट असते. ते गोडाचे रूपांतर मद्यार्कात करते आणि त्या मद्यार्कात वनस्पतींतले अनेक घटक उतरतात, शिवाय औषध टिकते. फुलांतील टॅनिनमुळे तुरटपणा आणि रंगही येतो. संधान चालू असताना भांड्याला कान लावला तर आतून बारीक सळसळ ऐकू येते, आणि जळती काडी तोंडाशी नेली तर आतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ती विझते. काडी विझेनाशी झाली की संधान पुरे झाले, ही वैद्यांची परंपरागत परीक्षा आहे. अशा औषधांत तयार होणारा मद्यार्क बाहेरून मिसळलेला नसतो आणि साधारणतः 12 टक्क्यांच्या आतच राहतो.

आजच्या कारखान्यांत संधानासाठी प्रयोगशाळेत वाढवलेले यीस्टही वापरले जाते, तरीही धायफुलांची मागणी मोठी आहे. रविवार पेठेतील काष्ठौषधींच्या दुकानांत ती वजनावर मिळतात. तपकिरी-लाल, हलकी, बोटांत चुरडली तर खरखरीत आणि चाखली तर जीभ आवळून घेणारी. ही जवळजवळ सगळी रानातून गोळा केलेली असतात. केंद्र सरकारने ज्या गौण वनोपजांना किमान आधारभूत किंमत ठरवून दिली आहे, त्यांच्या यादीत वाळलेली धायफुले आहेत. गोळा करताना फूल नळीसकट खुडले जाते आणि बी त्याच नळीच्या आत धरायचे असते. म्हणजे जेथे सरसकट फांद्या ओरबाडल्या जातात तेथे बी पडण्याचे प्रमाण घटते. बियांपासून रोपे करणाऱ्या लहान रोपवाटिकेचे मोल येथे लक्षात येते, मग तिच्या पट्टीवर काहीही छापलेले असो. फुलांपासून मिळणारा लाल रंग पूर्वी रेशीम आणि सुती कापडासाठी वापरत आणि पाने-फुले कातडी कमावण्याच्या कामी येत. हे उपयोग आता नैसर्गिक रंगांची आवड जोपासणाऱ्या मोजक्या कारागिरांपुरते उरले आहेत.

लागवडीचा भाग पुण्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. विक्रेत्यांनी सांगितलेली कृती अशी : दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा, त्यात लाल माती आणि शेणखत निम्मे-निम्मे भरावे, रोप लावावे आणि रोज पाणी घालावे. खड्ड्याचे माप बरोबर आहे. बाकी कृती गुलाबाला शोभते, धायटीला नव्हे. डोंगरउतारावर ही वनस्पती मुरमात, खडकाच्या सांदीत, जेथे पाऊस पडतो आणि वाहून जातो अशा जागी वाढते. तिला खतावलेली, ओल धरून ठेवणारी माती दिली तर फांद्या लांबच लांब सुटतात, पाने मोठी होतात आणि फुले कमी येतात. आवारातील जी दोन रोपे हिरवळीच्या कडेला, रोज चालणाऱ्या तुषार सिंचनाच्या टप्प्यात आहेत, ती सर्वांत उंच आहेत आणि सर्वांत कमी फुलली आहेत. त्याउलट कुंपणाच्या भिंतीलगत, जेथे बांधकामाच्या वेळचा राडारोडा पुरलेला आहे आणि जेथे यापूर्वी काहीही जगले नव्हते, तेथील रोपे बुटकी, घट्ट आणि फुलांनी लगडलेली आहेत.

पुण्यातील बहुतेक सोसायट्यांची जमीन अशीच असते : वर चार बोटे विकतची लाल माती, खाली विटांचे तुकडे, वाळू, सिमेंटचा चुरा आणि कुठे कुठे काळी माती. यांपैकी धायटीला खरी अडचण फक्त काळ्या मातीची आहे. पावसाळ्यात ती चिकट होऊन पाणी धरून ठेवते आणि कोवळी मुळे कुजतात. तेथे खड्डा खणण्याऐवजी मुरूम टाकून फूटभर उंचवटा करावा आणि रोप त्याच्यावर लावावे. खतासाठी लागवडीच्या वेळी एक घमेले कुजलेले शेणखत पुरे. मुळशी-ताम्हिणीकडून डोंगर खरवडून आणलेल्या लाल मातीची तर येथे मुळीच गरज नाही. देशी झुडूप लावण्यासाठी देशी झुडपांचाच डोंगर उकरून आणणे हा प्रकार मला अनाकलनीय वाटतो.

लागवड पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, म्हणजे आषाढात करावी. दोन रोपांत दीड ते दोन मीटर अंतर ठेवावे, कारण झुकणाऱ्या फांद्यांचा पसारा त्यांच्या उंचीएवढाच होतो. पहिल्या हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी आणि पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण भरपूर पाणी द्यावे आणि आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन ठेवावे. रोज थोडे पाणी दिले की मुळे वरच्यावर राहतात. आठवड्याने भरपूर दिले की ती खाली शोध घेतात. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर पाणी बंद केले तरी चालते. पुण्याचा पाऊस वर्षाला सुमारे 700 ते 750 मिलिमीटर आहे आणि धायटी याहून कोरड्या टेकड्यांवरही टिकते. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायट्यांनी हा एक मुद्दा लक्षात घेतला तरी पुरे.

छाटणीविषयी रोपवाटिकेत काहीच सांगितले जात नाही, आणि धायटीचा फुलोरा हमखास बिघडतो तो येथेच. पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर पुढच्या जानेवारीपासून फुले येतात. पुण्यातील सोसायट्यांत मात्र माळी दिवाळीच्या तोंडावर आवार नीटनेटके दिसावे म्हणून सरसकट कात्री चालवतो. मेंदी, ड्युरांटा, अकॅलिफा या कुंपणाच्या झुडपांना त्याने काही होत नाही. धायटीच्या बाबतीत मात्र या एका कात्रीत वर्षाची सगळी फुले जातात, आणि मग "रोप चांगलं दिलं नाही" अशी ओरड होते. छाटणी करायची ती फुलोरा संपून बोंडे वाळल्यावर, वैशाखाच्या अखेरीस, पावसापूर्वी. जुन्या, जाड फांद्यांपैकी एकतृतीयांश बुंध्यापासून काढाव्यात आणि बाकी तशाच राहू द्याव्यात. बुंध्यापासून पुन्हा फुटण्याची ताकद या झुडपात दांडगी असल्यामुळे मोठी छाटणीही ते सहन करते. मात्र तिला चौकोनी किंवा गोल आकार देण्याच्या भानगडीत पडू नये. कमानीसारखी झुकणारी फांदी हीच तिची शोभा आहे. आमच्या माळीकाकांनी पहिल्या वर्षी तक्रार केली, "साहेब, हे जंगल वाटतंय." फेब्रुवारीत फुले आल्यावर त्यांनीच कुंपणालगत आणखी चार रोपांची मागणी केली.

फुलांत मधुरस भरपूर असतो. पहाटे नळी खुडून तिच्या बुडाला हलकेच चोखले तर गोडी जिभेवर येते. डोंगरातील मुलांना हा उद्योग ठाऊक असतो. आवारात याचा परिणाम लगेच दिसला. जांभळा शिंजीर आणि चष्मेवाला हे पक्षी फुलोऱ्याच्या काळात सकाळभर तेथेच असतात. शिंजीर फांदीला उलटे लटकून एकेका नळीत चोच घालतो आणि बाहेर काढतो तेव्हा त्याच्या कपाळाला पराग लागलेला असतो. मधमाश्याही येतात, विशेषतः फुलोरी आणि सातेरी. आग्या माशांचे पोळे इमारतीला लागेल अशी भीती एका सदस्याने व्यक्त केली होती. पोळे कोठे बसते हे उंच छज्जे आणि आडोसे ठरवतात, खालच्या झुडपात काय लावले आहे त्यावर ते अवलंबून नसते, हे समजावून सांगितल्यावर विषय मिटला. शिंजीर तर मेक्सिकोच्या रसेलियावर आणि अमेरिकेतल्याच हमेलियावरही येतात, मग धायटीच कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि ती झुडपे वर्षभर फुलतात हेही खरे. धायटीचा फुलोरा तीन-चार महिन्यांचाच. ज्यांना बाराही महिने रंग हवा आहे त्यांनी हमेलिया जरूर लावावे. धायटी लावण्याचे कारण वेगळे आहे : शहराभोवतीच्या टेकड्यांवर गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडांची एकसुरी लागवड झाली आणि तेथील मूळच्या झुडपांना जागा कमी उरली. आवारांतून ही झुडपे राहिली तर बी जवळपास उपलब्ध राहते.

बियांपासून रोपे करणे अवघड नाही, पण चिकाटीचे आहे. बोंडे तपकिरी झाली की, ती उकलण्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये फांदीवरूनच कागदी पिशवीत खुडावीत आणि सावलीत वाळवावीत. बी इतके बारीक असते की फुंकर मारली तरी उडून जाते. ते चाळलेल्या वाळूत मिसळून पसरट कुंडीत किंवा गादीवाफ्यावर विखरावे, वरून मातीने झाकू नये, आणि झारीऐवजी कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी. झारीच्या धारेने बी एका कोपऱ्यात गोळा होते. चार-सहा पाने झाल्यावर रोपे पिशवीत हलवावीत. पावसाळ्यात अर्धपक्व फांदीची छाट कलमेही लागतात, परंतु बियांच्या रोपांइतके त्यांचे मूळ खोल जात नाही असे बाईंचे मत आहे, आणि त्यांची स्वतःची सगळी रोपे बियांची असतात. त्या बी कोठून आणतात हे मी विचारले. भोरकडच्या त्यांच्या माहेरच्या बांधावरची झुडपे आहेत, डोंगरावरून काही आणत नाही, असे त्यांनी सांगितले. रोपवाटिकेच्या बाजूने माझ्या दृष्टीने ही सर्वांत मोठी जमेची बाब आहे.

कुंडीविषयी. शेजारच्या इमारतीतील एका ओळखीच्या कुटुंबाने येथूनच रोप नेऊन पूर्वेच्या बाल्कनीत, बारा इंची कुंडीत लावले. ते जगले आहे, पण फांद्या कठड्याबाहेर झुकतात, पाने गळण्याच्या काळात महिनाभर ते मेल्यासारखे दिसते आणि फुले मोजकीच येतात. गच्चीवर मोठ्या पिंपात, पूर्ण उन्हात, मुरूममिश्रित मातीत ते बरे वाढेल. बाल्कनीत नव्हे. रोपवाटिकेने मात्र "कुंडीत पण मस्त येतं" असे सांगून रोप विकले, हे योग्य नाही.

दर रास्त आहेत. गुडघ्याएवढे रोप शंभर रुपयांच्या आत मिळते आणि दहापेक्षा अधिक घेतल्यास थोडी सवलत देतात. मोठी, कमरेएवढी रोपे दुपटीहून महाग आहेत आणि ती घेण्यात अर्थ नाही, कारण लहान रोप दोन पावसाळ्यांत त्यांना गाठते. पावती हाताने लिहिलेली मिळते, सोसायटीच्या हिशेबासाठी शिक्का मागून घ्यावा लागतो. वाहतुकीचा खर्च वेगळा असून तो रोपांच्या किमतीच्या मानाने जास्त वाटतो, त्यामुळे दोन-तीन सोसायट्यांनी मिळून टेम्पो ठरवणे सोयीचे पडते. धायटीची नवी रोपे ज्येष्ठाच्या सुरुवातीला तयार होतात आणि श्रावण संपेपर्यंत बहुतेक संपतात, म्हणून आधी दूरध्वनी करून संख्या सांगून ठेवावी. रविवारी सकाळी सिंहगडाकडे जाणाऱ्या वाहनांची रस्त्यावर एवढी गर्दी असते की तेथे मोटार लावायला जागा मिळत नाही. मधल्या वारी, सकाळी दहाच्या आत गेल्यास बाई स्वतः भेटतात आणि पिशव्या उघडून दाखवायला त्यांना वेळ असतो.